अवखळ पिलूं कोणास द्यावें ?

गेल्या वर्षीं श्रावणांत, एका पावसाळी सकाळीं, आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी वर्गांत अंमळ उशिरां आला. त्याच्या दप्तरांत कांहीं तरी हालत होतें. हजेरी चालू असतां दप्तरांतून उत्तर आलें, आणि तें "हजर" असें नव्हतें. दप्तर उघडतांच तांबूस अंगाचें, पांढऱ्या पायांचें, सुमारें दोन महिन्यांचें एक कुत्र्याचें पिलूं बाहेर पडलें आणि पहिल्या पांच मिनिटांत त्यानें खडूची पेटी उलथून टाकिली. मुलांनीं त्याचें नांव 'तुफान' ठेविलें. तें नांव किती सार्थ आहे, हें पुढील तीन दिवसांत सर्वांस कळून आलें. दोन चपला, एक मच्छरदाणी, एक गणिताची वही आणि स्वयंपाकीण बाईंच्या पदराचें टोंक इतक्या वस्तू त्यानें फस्त केल्या. अखेर व्यवस्थापकांनीं चोवीस तासांची मुदत दिली. तो विद्यार्थी डोळे पुशीत आमच्याकडे आला आणि आम्हीं त्यास वचन दिलें, "याला आपण चांगलें घर पाहून देऊं."

हें वचन देतांना 'चांगलें घर' म्हणजे काय, याचा आम्हीं क्षणभरही विचार केला नव्हता. तो विचार पुढें आम्हांस एका मुक्या प्राण्याच्या हालांतून शिकावा लागला. दर पावसाळ्यांत आमचे विद्यार्थी अशीं पिलें उचलून घरीं नेतात आणि त्यांच्या आईवडिलांवर हाच प्रसंग गुदरतो; म्हणून आम्ही जें शिकलों तें या अंकांत मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या ओळखीचे एक सुखवस्तु गृहस्थ आहेत. त्यांचा बंगला, पुढें बाग, दारीं मोटार, घरांत दोन मुलें. याहून चांगलें घर तें कोणतें, असें आम्हांस वाटलें. त्यांनीं विचारिलें, "स्वभाव कसा आहे याचा ?" आम्हीं उत्तर दिलें, "थोडें खेळकर आहे. बाकी गुणी आहे." शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यांत आम्ही शिक्षक ज्या सवयीनें 'चांगली' हा शब्द लिहून मोकळे होतों, त्याच सवयीनें आम्हीं हें उत्तर दिलें. चपलांची, मच्छरदाणीची गोष्ट आम्हीं काढिली नाहीं. काढिली असती तर त्यांनीं पिलूं नेलें नसतें, अशी आम्हांस भीति होती.

वीस दिवसांनीं त्यांची मोटार आमच्या दारीं उभी राहिली आणि चालकानें पिलाची दोरी आमच्या हातीं दिली. त्याच्या मानेवर साखळीनें घासून जखम झालेली होती. गृहस्थ निर्दय नव्हते. त्यांनीं त्यास उत्तम अन्न दिलें, निजण्यास गादी दिली. परंतु नवरा-बायको दोघेंही नोकरीस, मुलें शाळेंत आणि शाळेनंतर शिकवणीस. त्यामुळें सकाळीं नवापासून सायंकाळीं सहापर्यंत पिलूं जिन्याखालीं बांधलेलें. तें दिवसभर भुंके, शेजारी तक्रार करीत. सायंकाळीं सोडलें म्हणजे नऊ तासांचा कोंडलेला वेग एकदम उसळे. एके दिवशीं खेळतां खेळतां त्याचा दांत धाकट्या मुलाच्या हातास लागला, आणि तेव्हांपासून घरांत छडी आली. आम्हीं त्यास कुरवाळण्यासाठीं हात उचलला, तों तें जमिनीशीं अगदीं सपाट होऊन दबलें. त्या दबण्याचा दोष आम्ही त्या गृहस्थांस देत नाहीं. तो आमचा आहे. आम्हीं घराची श्रीमंती पाहिली, त्या घरांत पिलासाठीं वेळ आहे कीं नाहीं हें पाहिलें नाहीं. आणि पिलाचा खरा स्वभाव सांगितला नाहीं.

पिलास पारखण्यांत व त्यास घर निवडण्यांत अशी चूक शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं, आमच्यापेक्षां कितीतरी जाणत्या माणसाच्याही हातून झाली होती. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ऐकावी अशी आहे. लिओनहार्ड सेप्पाला हा मूळचा नॉर्वे देशाचा मनुष्य. अमेरिकेच्या वायव्य टोंकास अलास्का नांवाचा बर्फाळ प्रांत आहे, तेथें नोम या गांवीं तो राहत असे. बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांस जुंपण्याचे कुत्रे वाढविण्यांत आणि शिकविण्यांत त्याचा हातखंडा होता. १९१३ सालीं त्याच्या येथें सायबेरियन जातीचें एक पिलूं जन्मलें. तें चणीनें लहान आणि आरंभापासून दुखणाईत होतें. सेप्पालाच्या पत्नीनें शुश्रूषा करून त्यास जगविलें. बरें होतांच तें इतकें द्वाड निघालें कीं सेप्पाला हैराण झाला. 'हें गाडीच्या कामाचें नाहीं' असें ठरवून, सहा महिन्यांचें असतांना त्यानें तें दुसऱ्या घरीं पाळण्यासाठीं देऊन टाकिलें.

त्या घरीं त्यास ऊब होती, अन्न होतें, माया होती. तरी थोड्याच आठवड्यांत त्या पिलानें बंद खिडकीच्या कांचेवर उडी घातली, कांच फोडून तें बाहेर पडलें आणि कित्येक मैल धांवत आपल्या जुन्या धन्याच्या दारीं येऊन उभें राहिलें. सेप्पालानें त्यास ठेवून घेतलें, पण त्याच्या खोड्या थांबल्या नाहींत. गाडी निघाली कीं तें निसटून मागें धांवे, कामाच्या कुत्र्यांस सतावी, समोरून येणाऱ्या गाड्यांवर चाल करून जाई. अखेर, आठ महिन्यांचें असतांना, एके दिवशीं निव्वळ आवरण्यासाठीं म्हणून सेप्पालानें त्याच्या अंगावर पट्टे चढवून त्यास गाडीस जुंपिलें. आणि काय आश्चर्य ! पट्टे चढतांच तें शांत झालें. जसजसा दिवस चढला तसतसें सेप्पालानें त्यास रांगेंत पुढें पुढें आणिलें. सायंकाळीं तें सर्वांत पुढच्या कुत्र्याच्या जोडीस धांवत होतें. पहिल्याच दिवशीं तें ७५ मैल धांवलें, असें सांगतात. याच कुत्र्याचें नांव टोगो.

पुढें जानेवारी १९२५ मध्यें नोम येथें घटसर्पाची सांथ उद्भवली. गांवांत डॉक्टर एकच, त्यांच्यापाशीं औषधाचा उपयोगी सांठा नाहीं, आणि समुद्र गोठलेला. औषध नेनाना येथपर्यंत आगगाडीनें आलें. तेथून नोमपर्यंतचे ६७४ मैल २० गाडीवानांनीं आणि सुमारें १५० कुत्र्यांनीं हातोहात, साडेपांच दिवसांत तोडले. बहुतेकांच्या वांट्यास तीस-चाळीस मैलांचा टप्पा आला. सेप्पाला मात्र औषध आणण्यासाठीं नोमहून निघाला तेथपासून, तें घेऊन पुढील गाडीवानाच्या हातीं देईपर्यंत, सुमारें २६० मैल चालला. वाटेंत त्यानें गोठलेली खाडी भर वाऱ्यांत ओलांडिली, आणि त्याच्या गाडीपुढें टोगो होता. तेव्हां टोगोचें वय अकरा-बारा वर्षांचें. कुत्र्याच्या आयुष्यांत तें म्हातारपण होय. शेवटचा टप्पा बाल्टो नांवाच्या कुत्र्याच्या गाडीनें पुरा केला, म्हणून न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कमध्यें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा.

या हकीकतीचा अर्थ कोणी असा करील कीं, प्रत्येक द्वाड पिलांत एक टोगो दडलेला असतो. आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. आमच्या तुफानानें कोणतेंही गांव वांचविलें नाहीं व वांचविण्याची आशाही नाहीं. आम्हांस या हकीकतींतील खिडकीची गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या घरांतून टोगो पळाला तें घर वाईट नव्हतें. त्या घरांत त्याच्याजोगें काम नव्हतें. आणि सेप्पालासारख्या पारख्यानेंही जें अवगुण म्हणून टाकून दिलें, तें केवळ काम न मिळालेलें बळ होतें. आज पुण्या-मुंबईंत चवथ्या-पांचव्या मजल्यावरील सदनिकांत याच सायबेरियन जातीचे कुत्रे लोक हौसेनें आणून ठेवितात, आणि तो दारें ओरबाडतो म्हणून त्रासतात. बर्फावरून कोसच्या कोस गाडी ओढण्यासाठीं ज्याची पैदास झाली, त्यानें गच्चीवर दहा मिनिटें फिरून तृप्त व्हावें, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची ?

परदेशी जातींचीच ही गोष्ट आहे असें नाहीं. आपल्या दक्षिणेंतील मुधोळ व कारवानी हे कुत्रे सशामागें धांवणारे. भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं मुधोळ जातीच्या कुत्र्याचें तिकीटही काढिलें. दिवाळी सरली म्हणजे देशावरून कोंकणांत उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर कुत्रीं चालत असतात, त्यांच्या चालण्याचा हिशेब कोणी ठेविला आहे ? ज्यास आपण गांवठी म्हणून हिणवितों, तें पिलूंही अशाच कष्टाळू पूर्वजांचें असूं शकतें.

शिवाय पिलाच्या कांहीं खोड्या निव्वळ वयाच्या असतात, हें आईबापांनीं ध्यानांत ठेवावें. कुत्र्याच्या पिलास २८ दुधाचे दांत असतात. चवथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दांत येतात. या काळांत तें चावणारच. चावण्यास हाड किंवा दोरीचा गोळा द्यावा, म्हणजे चपला वांचतील. दुसरें असें कीं, चावतांना जोर किती लावावा हें पिलूं आपल्या भावंडांशीं खेळतां खेळतां शिकतें. स्कॉट आणि फुलर या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचा अभ्यास करून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाचा स्वभाव घडण्यास फार मोलाचा असल्याचें दाखविलें आहे. आपल्या देशांतही २०१७ च्या नियमांप्रमाणें आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई आहे. मुलांनो, डोळे नुकते उघडलेलें पिलूं आईपासून उचलून आणणें यांत तुम्हांस दया वाटत असेल. पण आई जिवंत व जवळ असतां तसें करणें ही चोरी आहे, आणि चोरी जातें तें त्या पिलाचें शिक्षण.

कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशास ? नेऊन बाजारांत सोडून द्यावें, जगेल आपलें." हा उपाय आमच्या गांवांत अनेक सभ्य घरांनीं केलेला आम्हांस ठाऊक आहे. परंतु हातानें भरविलेलें पिलूं रस्त्यावर सोडणें म्हणजे त्यास भुकेच्या व वाहनांच्या स्वाधीन करणें होय. योग्य कारणावांचून प्राण्यास उपासमारीच्या तोंडीं सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अपराधच आहे. त्यांत पुन्हां समाजाचाही धोका. न टोंचलेलें, माणसास न बुजणारें कुत्रें हें पिसाळण्याच्या रोगाचें वाहन होऊं शकतें. हा रोग एकदां अंगांत प्रकटला म्हणजे त्यावर उपाय नाहीं. म्हणून कोणतेंही पिलूं चावलें किंवा त्याचा दांत ओरखडला, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. घरीं मार बसेल या भीतीनें तें लपवूं नये. मुलें तें लपवितात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

मग घर शोधावें तरी कसें ? तुफान परत आल्यावर आम्हीं प्रथम एका कागदावर त्याचे सर्व दोष लिहून काढिले. भुंकतें, उड्या मारतें, चप्पल खातें, दोरी ओढतें, कोंबडी दिसली कीं मागें लागतें, छडी पाहिली कीं भितें. खालीं त्याचे गुण लिहिले. हांक मारली कीं येतें. दमलें म्हणजे शांत निजतें. मुलांवर जीव टाकतें. हा कागद आम्हीं प्रत्येक येणारास आधीं वाचून दाखविला. मग आम्ही कांहीं प्रश्न विचारीत असूं. दिवसांतून किती तास घरास कुलूप असतें ? घरांतील सर्वांची संमति आहे काय, आणि भाड्याचें घर असल्यास घरमालकाची ? लस टोंचण्याचा आणि पुढें योग्य वेळीं निर्बीजीकरण करण्याचा खर्च कोण सोसील ? सकाळ-सायंकाळ त्यास फिरविणार कोण, त्याचें नांव सांगा. या शेवटच्या प्रश्नास बहुतेक पालक म्हणत, "मुलें फिरवितील कीं." आम्ही विचारीत असूं, "आणि मार्च महिन्यांत परीक्षा आल्यावर ?" तेथें संभाषण संपे. कुत्रें दहा-बारा वर्षें जगतें. आज सातवींत असलेला मुलगा तोंवर शिकून दुसऱ्या गांवीं नोकरीस लागलेला असतो. मुलाच्या हट्टासाठीं आणलेलें कुत्रें अखेर आईच्याच गळ्यांत पडतें, हें प्रत्येक आई जाणते. म्हणून तिची संमति सर्वांत आधीं घ्यावी.

सहा जण आले, कागद ऐकून परत गेले. आमचा तो विद्यार्थी हिरमुसला होऊन म्हणाला, "सर, एवढं खरं सांगितलंत तर कोणीच नेणार नाही." आम्हांसही तसेंच वाटूं लागलें होतें. परंतु जो कागद ऐकून परत गेला, तो पिलूं नेल्यावरही परत आणणारच होता. सहा वेळां नकार आला तो आम्हांस; एरवीं तोच नकार सहा वेळां त्या पिलास सोसावा लागला असता.

सातवे आले ते आमच्याच शाळेंतील एका विद्यार्थिनीचे वडील. गांवाबाहेर तीन मैलांवर त्यांचा मळा आहे. अठरा शेळ्या आहेत, आणि त्या घेऊन ते रोज माळावर जातात. घर दोन खणांचें, वर पत्रा. गादी नाहीं कीं बाग नाहीं. त्यांनीं कागद शेवटपर्यंत ऐकून घेतला, पिलाचे पाय चांचपून पाहिले, आणि म्हणाले, "चालायला भ्यायचं न्हाई ना ?" आम्हीं म्हटलें, "नाहीं." ते पिलूं लगेच घेऊन गेले नाहींत. तीन सायंकाळीं येऊन, त्यास हातानें भाकरी घालून, चवथ्या दिवशीं घेऊन गेले. पंधरा दिवसांत जमलें नाहीं तर आम्ही निमूटपणें परत घेऊं, असा करार ठरला. हा करार प्रत्येकानें करावा असें आम्ही सुचवितों. परत येण्याची वाट मोकळी असली म्हणजे पिलूं बाजारांत सोडण्याची पाळी येत नाहीं.

महिन्याभरानें बाजारच्या दिवशीं ते गृहस्थ शाळेच्या फाटकापाशीं उभे दिसले. आमच्या पोटांत धस्स झालें. ते म्हणाले, "गुरुजी, कोंबडी मारली त्यानं."

आम्हीं विचारिलें, "मग, घेऊन आलांत काय ?"

"न्हाई. तुम्ही आधींच बोलला होता, म्हणून सांगाया आलों. आतां कोंबड्या खुराड्यांत ठिवतो आन् त्याला संगं नेतो."

आम्हीं पहिल्या गृहस्थांस सत्य सांगितलें असतें तर त्यांनींही कदाचित् हेंच केलें असतें, किंवा पिलूं मुळींच नेलें नसतें. आणि दोन्हींपैकीं कांहींही झालें असतें तरी त्या मानेस साखळीची जखम झाली नसती. जें पुढें कळणारच आहे तें आधीं सांगण्यांत पिलाचें नुकसान नाहीं. त्यानें फक्त चुकीचीं घरें गळतात. त्या दिवसापासून दाखल्यावरील 'वर्तणूक' हा रकाना भरतांना आमची लेखणी थोडी थबकते, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

आतां तुफान सव्वा वर्षाचा झाला आहे. उन्हातान्हांत शेळ्यांमागें चार-पांच मैल चालतो आणि रात्रीं दाराशीं गाढ झोंपतो. सुधारला असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. गेल्या खेपेस आमचाच एक जोडा त्यानें कुरतडला. तो विद्यार्थी दर शनिवारीं दुपारीं मळ्यावर जातो, कधीं कधीं आम्हीही जातों. आम्हीं कुरवाळण्यास हात उचलला कीं तो अद्याप क्षणभर दबतो. त्या घरच्या मुलीनें हात उचलला तर दबत नाहीं.